फौजदाराचे होल्स्टर आणि कमावलेले कातडे

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीचे नाव १६ ऑगस्ट १९४२ या तारखेशी कायमचे जोडले गेले आहे. मुंबईत ‘छोडो भारत’चा ठराव होऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्या दिवशी आष्टीत लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, ठाणे पेटले. आंदोलक मारले गेले आणि पोलीसही मारले गेले. आष्टीच्या शहिदांमध्ये नवाब रशीद खान हेही एक नाव आहे. वर्ध्याबाहेरच्या फार थोड्या मुसलमानांना ते ठाऊक असते.

हा प्रसंग शाळेच्या किंवा मोहल्ल्याच्या कार्यक्रमात नाटकातून उभा करायचा ठरवला, तर आंदोलकांचा पोशाख सोपा असतो. धोतर, पायजमा, सदरा, गांधी टोपी घरोघर मिळते. अडचण येते ती फौजदाराच्या पोशाखाची. खाकी कपडे शिवून मिळतात, पट्टा मिळतो, पण कमरेचे चामडी होल्स्टर मिळत नाही. बाजारात आज नायलॉनची उघड्या तोंडाची होल्स्टरे मिळतात. ती १९४२ च्या फौजदाराच्या कमरेला शोभत नाहीत. मग कुणाच्या तरी घरातले जुने चामडी होल्स्टर शोधायचे, मोच्याकडे न्यायचे आणि बदलून घ्यायचे, एवढाच मार्ग उरतो.

काम लहान आहे. पण ते हातात घेतले की चामड्याचा, वर्ध्याचा आणि आपल्या समाजाचाही एक लांबलचक इतिहास उलगडत जातो. या लेखात त्याच इतिहासाविषयी लिहायचे आहे.

कमरेवरची सत्ता

‘म्यान’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत ‘मियान’ म्हणजे मध्य, कंबर. मराठी घोडदळाच्या सामानातले कितीतरी शब्द असेच आलेले आहेत : जीन, खोगीर, लगाम, रिकीब, चाबूक. जीन बनवणारा तो जीनगर. यातल्या बहुतेक वस्तूंत कुठे ना कुठे चामडे आहे. दख्खनमध्ये मुसलमान आणि मराठे शेकडो वर्षे एकाच लष्करी पेशात वावरले. त्याची खूण बखरींच्या आधी या कातडी सामानाच्या नावांत दिसते.

पिस्तुलाची गोष्ट जरा वेगळी. ‘पिस्तूल’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. देशी शिपाई ते कटारीसारखे शेल्यात खोचत. युरोपातला घोडेस्वार पिस्तुलांची जोडी खोगिराला बांधलेल्या चामडी पाकिटांत ठेवी. एकोणिसाव्या शतकात फिरत्या चक्राचे रिव्हॉल्व्हर आले आणि पाकीट खोगिरावरून माणसाच्या कमरेवर आले.

आपल्या पोलीस अधिकाऱ्यांच्या अंगावर आजही दिसणारा खांद्यावरून तिरपा जाणारा पट्टा ‘सॅम ब्राउन’ या नावाने ओळखला जातो. हा सॅम ब्राउन म्हणजे कंपनीच्या फौजेतला घोडदळाचा अधिकारी. १८५७ चा उठाव मोडून काढण्याच्या मोहिमेत, १८५८ साली पिलिभीतच्या परिसरात झालेल्या चकमकीत त्याने डावा हात गमावला. एका हाताने म्यान सावरून तलवार उपसणे जमेना, म्हणून त्याने म्यानाचा भार पेलणारा, खांद्यावरून आधार घेणारा पट्टा तयार करवून घेतला. पुढे त्याच पट्ट्यावर एका बाजूला तलवार आणि दुसऱ्या बाजूला रिव्हॉल्व्हर लटकू लागले. म्हणजे ज्या पट्ट्याकडे पाहून आपण ‘साहेब’ म्हणतो, त्याचा जन्म आपल्याच लोकांशी झालेल्या लढाईत झाला. आष्टीच्या नाटकातला फौजदार तो पट्टा बांधून उभा राहतो, तेव्हा १८५७ आणि १९४२ ही दोन्ही साले त्याच्या कमरेवर असतात.

बदल कसा करतात

आता प्रत्यक्ष कामाकडे. ब्रिटिश काळातल्या अधिकाऱ्याच्या होल्स्टरला वरून झाकण असे. ते खाली येऊन पितळी बटणात अडके. रिव्हॉल्व्हरची जवळजवळ सगळी मूठ त्यात झाकली जाई. आपल्याला मिळालेले होल्स्टर बहुधा नंतरच्या काळातले, उघड्या तोंडाचे असते, आणि नाटकातले लाकडी किंवा प्लास्टिकचे रिव्हॉल्व्हर त्यात सैल बसते. म्हणून कामे तीन : माप कमी करणे, झाकण जोडणे आणि रंग जुळवणे.

जाणता कारागीर आधी चामडे कोणते ते पाहतो. कडेला बारीक काप दिला आणि आतून सगळे तपकिरी दिसले, तर ते झाडाच्या सालीत कमावलेले. मध्ये निळसर-राखाडी झाक दिसली, तर क्रोममध्ये कमावलेले. सालीचे चामडे पाणी शोषून गडद होते, ओलेपणी हवा तो आकार घेते आणि वाळल्यावर तो आकार धरून ठेवते. क्रोमचे चामडे मऊ व टिकाऊ, पण दाबून दिलेला आकार ते धरत नाही. होल्स्टरला नवा आकार द्यायचा तर सालीचेच चामडे हवे. बोट फिरवल्यावर लाल भुकटी हाताला लागली, तर ते कुजलेले आहे. त्यावर टाका टिकणार नाही. असे होल्स्टर कागदावर नमुना काढण्यापुरतेच वापरावे.

चामडे ठणठणीत असेल तर जुनी शिवण उसवायची. दोरा ओढायचा नाही, प्रत्येक टाका पात्याने कापून काढायचा, नाहीतर भोके फाटतात. आतून सुमारे एक सेंटिमीटर अलीकडे नवी रेघ आखून आरीने भोके पाडायची आणि मेण लावलेल्या दोऱ्याने, दोन सुया समोरासमोर घालून शिवायचे. या शिवणीत एक टाका तुटला तरी दुसरा दोरा धरून राहतो. यंत्राच्या शिवणीत तसे होत नाही, एक टाका गेला की पुढचे सैल पडू लागतात.

मग होल्स्टर कोमट पाण्यात काही मिनिटे भिजवायचे. नाटकातले रिव्हॉल्व्हर प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून आत घालायचे आणि अंगठ्याने किंवा लाकडी चमच्याच्या पाठीने दाबत आकार द्यायचा. वाळवायचे ते सावलीत. उन्हात किंवा चुलीजवळ ठेवले तर चामडे लाकडासारखे होऊन तडकते. झाकणासाठी जुन्या चामडी पिशवीचा तुकडा चालतो. आधी जाड कागदाचा नमुना कापावा, चामड्याची कड रापीने पातळ करावी आणि पाठीला दोन ओळी टाके घालून झाकण जोडावे.

रंगाची एक जुनी युक्ती आहे. लोखंडी खिळे आठवडाभर सिरक्यात ठेवले की जे पाणी तयार होते, ते सालीच्या चामड्यावर फासले तर चामडे काळे पडते. हा रंग वरून बसत नाही. सालीतले तुरट द्रव्य आणि लोखंड एकत्र येऊन तो चामड्याच्या आतच तयार होतो. हिरड्यापासून शाई करीत त्यामागेही हेच रसायन आहे.

एक सावधगिरी मात्र सांगितलीच पाहिजे. नकली रिव्हॉल्व्हरच्या तोंडाला नारिंगी रंग द्यावा, ते रंगमंचावरच वापरावे, रस्त्यावर किंवा मिरवणुकीत नेऊ नये. आपल्या मुलांच्या बाबतीत हे दोनदा सांगावे लागते, आणि त्याचे कारण वाचकांना माहीत आहे.

नालवाडीचे चर्मालय

सालीचे चामडे आणि वर्धा यांचा संबंध थेट आहे. ऑक्टोबर १९३४ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन करण्याचा ठराव झाला आणि त्याचे ठाणे वर्ध्यात आले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनवाडी हे नाव पडले. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा संघाचे काम पाहू लागले. वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीत विनोबा १९३२ च्या अखेरीस राहायला गेले होते. तिथेच १९३५ मध्ये चर्मालय उभे राहिले. गोपाळराव वाळुंजकर यांनी ते चालवले. कातड्याला हात लावणे ज्या घरांत विटाळ समजत, तशा घरांतले कार्यकर्ते तिथे कातडी सोलायला, धुवायला आणि कमवायला शिकले.

गांधींना चामडे नवे नव्हते. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी चपला शिवायला शिकून घेतले होते आणि तुरुंगात असताना बनवलेला एक जोड जनरल स्मट्स यांना भेट दिला होता. १९३४ साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी खेड्यातल्या चर्मोद्योगावर लिहिले. देशातून दरवर्षी सुमारे नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे बाहेर जाते आणि त्यातले बरेचसे तयार माल होऊन परत येते, असा हिशेब त्यांनी मांडला. कटकचे वकील मधुसूदन दास यांनी कातडे कमावण्याची विद्या आत्मसात करून कारखाना काढला होता, त्यांचा दाखलाही गांधींनी दिला.

गावात कातडे कमावण्याची रीत साधारण अशी. कातडे चुन्याच्या पाण्यात ठेवून केस सोडवायचे, आतले मांस खरवडायचे, चुना धुऊन काढायचा. मग बाभळीची साल, हिरडा, तरवड यांच्या अर्कात ते बरेच दिवस मुरवायचे. काही ठिकाणी कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगत आणि तिच्यात सालीचे पाणी भरून झिरपू देत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मद्रासमध्ये अल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोमची पद्धत रुजवली. ती दिवसांचे काम तासांवर आणणारी होती. कारखान्यांचे चामडे तिकडे वळले. खेड्यातला कारागीर सालीवर राहिला आणि मागे पडला.

मराठीत या सगळ्या क्रियेला ‘कमावणे’ म्हणतात. पैसा कमावतात, शरीर कमावतात, कातडेही कमावतात. जी वस्तू आपोआप मिळत नाही, मेहनतीने आपली करावी लागते, तिच्यासाठी हा शब्द. भाषेने या कामाला जो मान दिला, तो समाजाने दिला नाही.

मुर्दार आणि हलाली

नालवाडीच्या प्रयोगात एक अट होती. कातडे नैसर्गिकपणे मेलेल्या जनावराचेच हवे. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांच्या पुढाकाराने गोसेवा संघ सुरू झाला, त्याच्या सदस्यांनाही मेलेल्या गाईचेच चामडे वापरण्याचे बंधन होते. बोली भाषेत हे ‘मुर्दार’ चामडे. कत्तलखान्यातून येणारे ते ‘हलाली’. ‘अहिंसक चामडे’ हा शब्द पहिल्यासाठी वापरला गेला.

या अटीमागची करुणा मला समजते. मेलेल्या जनावराचे कातडे, हाड, शिंग वाया जाऊ नये आणि ते काम करणाऱ्या दलिताला त्याचे मोल मिळावे, हा हेतू चांगलाच होता. पण ‘अहिंसक’ हा शब्द चामड्याच्या एका प्रकाराला लागला की दुसऱ्या प्रकारावर न बोलता एक ठपका बसतो. ‘हलाली’ चामड्यावर जगणारा खाटीक, आडतदार, कमावणारा, शिवणारा यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. मुंबईत धारावीचा चामड्याचा धंदा उभा करण्यात तमिळ मुसलमानांचा वाटा मोठा आहे. ग्रामोद्योगाच्या नैतिक नकाशात या माणसांसाठी जागा राहिली नाही. आणि गंमत अशी की चामडे एकदा कमावले की ते मुर्दार होते की हलाली, हे तयार होल्स्टर हातात घेऊन सांगणे अवघड असते.

दबागत आणि आपली लाज

इथे आपल्या धर्मपरंपरेकडे पाहणे गरजेचे आहे, कारण मुर्दार कातड्याचा प्रश्न प्रेषित मुहंमद (स.) यांच्यासमोरही आला होता. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत प्रसंग आहे. हजरत मैमूना (र.) यांच्या मुक्त केलेल्या एका दासीला सदक्यात मिळालेली बकरी मेली. प्रेषितांनी ती पडलेली पाहिली आणि विचारले की तिचे कातडे काढून, कमावून उपयोगात का आणले नाही? लोक म्हणाले, ती मुर्दार आहे. त्यावर त्यांनी समजावले की मनाई आहे ती खाण्याची. याच आधारावर हनफी फिकहने डुक्कर सोडून इतर जनावरांचे कातडे दबागतीनंतर, म्हणजे कमावल्यानंतर, पाक मानले. कोकणातले शाफई यात कुत्र्याच्याही कातड्याचा अपवाद करतात. म्हणजे नालवाडीचे मुर्दार चामडे आणि खाटकाकडचे हलाली चामडे, दोन्ही आपल्यासाठी सारखेच पाक. पाकी येते ती कमावणाऱ्याच्या हातून.

त्या हातांना प्रेषितांच्या घरात मान होता. उम्मुल मोमिनीन हजरत जैनब बिन्ते जहश (र.) स्वतः कातडे कमावीत, आणि हाताने मिळवलेल्यातून सदका करीत. प्रेषित स्वतःचे जोडे स्वतः दुरुस्त करीत, हे हजरत आयेशा (र.) यांनी सांगितलेले आहे. त्या क्रियेसाठी वापरलेल्या अरबी शब्दाच्या धातूपासूनच ‘खस्साफ’, म्हणजे जोडे सांधणारा, हा शब्द होतो. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-खस्साफ नावाचे मोठे हनफी फकीह होऊन गेले. जोडे दुरुस्त करून ते पोट भरीत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. वक्फच्या कायद्यावरचा पायाभूत ग्रंथ त्यांचा आहे. आज वक्फवर एवढी चर्चा चालू असताना हे नाव आठवावे.

पण गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धी राहील. त्याच हनफी परंपरेत लग्नासाठी बरोबरीचा, म्हणजे ‘कुफू’चा विचार करताना पेशांची उतरंड लावली गेली, आणि दब्बाग, हज्जाम, विणकर यांना अत्तरवाल्या आणि कापडवाल्यापेक्षा खालचे धरले गेले. कातडे दबागतीने पाक होते, पण दबागत करणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायला अडचण! हिंदुस्थानात या उतरंडीला जातीची जोड मिळाली. महाराष्ट्रात शब्बीर अन्सारी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने हेच बोट ठेवले, तेव्हा ‘इस्लाममध्ये जात नाही’ असे उत्तर देऊन अनेकांनी विषय झटकला. तत्त्व म्हणून ते उत्तर खरे आहे. पण मोहल्ल्यातल्या मोच्याशी सोयरीक जुळवताना ते कितीजणांना आठवते?

दोन रस्ते आणि एक रस्त्यावरची मारहाण

चामड्याच्या प्रश्नावर विदर्भाने दोन उत्तरे जवळून पाहिली. गांधींचे उत्तर होते : काम प्रतिष्ठित करा, ते शास्त्रीय करा, सगळ्यांनी शिका. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उत्तर वेगळे होते. मार्च १९२७ च्या महाड परिषदेपासून त्यांनी आपल्या लोकांना मेलेली जनावरे ओढण्याचे आणि मृत मांस खाण्याचे सोडून द्यायला सांगितले. जे काम जन्माने लादले जाते, ते कितीही सुधारले तरी गुलामीच राहते, हा त्यामागचा विचार. वर्ध्यापासून जवळच्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी झालेल्या धम्मदीक्षेत त्या विचाराची परिणती झाली. मला वाटते, दोन्ही उत्तरे एकत्र वाचली पाहिजेत. काम पाक आहे, आणि ते कुणावरही लादता येत नाही.

आज या दोन्हींपासून आपण लांब आलो आहोत. महाराष्ट्राने १९९५ मध्ये संमत केलेल्या दुरुस्तीला मार्च २०१५ मध्ये राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली, मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. हलाली चामड्याच्या धंद्यावर याचा भार कुणावर पडला, हे सांगायला नको.

मग मुर्दार चामडे तरी सुरक्षित राहिले का? ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमध्ये उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी बांधून, रस्त्यावर सर्वांसमोर मारले. गांधींच्या व्याख्येनुसार हे अगदी ‘अहिंसक चामडे’ होते. नालवाडीत जे काम सेवा म्हणून शिकवले गेले, त्याच कामासाठी पाठीवर फटके बसले. याचा अर्थ स्पष्ट आहे. फटके मारणाऱ्याला जनावर कसे मेले याच्याशी घेणे नव्हते, तो कातड्यामागचा माणूस पाहत होता. तो माणूस कधी दलित असतो, कधी मुसलमान. नालवाडीच्या काळात या दोघांची वाटणी करणारी रेघ मारली गेली, ती पुसण्याची जबाबदारी आता या दोघांवरच आली आहे.

नाटकाच्या पत्रिकेवर

पुन्हा त्या होल्स्टरकडे येऊ. प्रेक्षकांत बसलेल्या लहान मुलाला फौजदाराच्या कमरेवरचे ते काळे, चकचकीत चामडे लगेच दिसते. त्याला ते सत्तेचे चिन्ह वाटते, आणि नाटकासाठी ते तसेच वाटायला हवे. पण ते कुणी सोलले, कुणी कमावले, कुणी शिवले आणि नाटकासाठी कुणी उसवून पुन्हा सांधले, हे त्याला कुणी सांगत नाही. नवाब रशीद खान हे नावही त्याला बहुधा कुणी सांगत नाही. वेशभूषेत आपल्या मुलांच्या वाट्याला ठरावीक भूमिका येतात. त्या नाकारण्यासाठी भांडण करण्यापेक्षा आष्टीचा शहीद त्यांच्या वाट्याला येईल असे नाटक आपणच लिहून बसवलेले बरे.

ते बसवाल तेव्हा खर्चाच्या वहीत मोच्याचे काम ‘किरकोळ’मध्ये टाकू नका. घासाघीस न करता त्याला त्याच्या तासांचे पैसे द्या. आणि पत्रिकेत दिग्दर्शक, नेपथ्य, प्रकाशयोजना यांच्याबरोबर एक ओळ वाढवा, ‘चर्मकाम’, आणि पुढे त्याचे पूर्ण नाव छापा.